किसनमामांचा जबाब

मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या माणसांवर माझा काडीचा विश्वास नाही. तीस वर्षं गाडी चालवतोय. नुसता प्लग काळा झालेल्या गाडीचा अख्खा कार्बोरेटर बदलून देणारे पाहिलेत, 'उद्या या' म्हणून पंधरा दिवस फिरवणारे पाहिलेत, आणि आपण चहा प्यायला गेलो की आपल्या गाडीतली चांगली वस्तू काढून ठेवणारेही पाहिलेत. बायको म्हणते, तुम्ही ग्यारेजला निघता तेव्हा भांडायला निघाल्यासारखे दिसता. खरंच आहे तिचं. भांडायलाच निघतो मी.

पण हसनाबादला एक माणूस होता, त्याच्यापुढं माझी ही सगळी ऐट उतरायची. किसनमामा मिस्त्री. आता मामा नाहीत. मी हसनाबादच्या जिल्हा परिषद शाळेत नऊ वर्षं मास्तर होतो, आणि त्यातल्या निम्म्या संध्याकाळी मी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून काढल्या. घरी भाजी न्यायची असायची, ती तिथंच सुकून जायची.

मामांचं घराणं मेंढरांमागं फिरणाऱ्यांचं. ऐन उमेदीत लोकर विकायला म्हणून जालन्याला गेले, तिथं एका ग्यारेजच्या दारात उघडं पडलेलं इंजिन बघितलं आणि तिथंच राहिले. पण घरचं धोतर काही सोडलं नाही. पांढरं स्वच्छ धोतर, वर बंडी, आणि पुढं पोत्याचं कापड बांधलेलं. कोपरापर्यंत हात काळे, पण त्या धोतराला कधी ऑईलचा डाग पाहिला असेल तर शपथ. मी पांढरा शर्ट घालून नुसता शेजारी बसायचो, तरी घरी जाऊन बोलणी खायचो.

काम फक्त टू-स्ट्रोक गाड्यांचं. कुणी फोर-स्ट्रोक आणली की म्हणायचे, "ते सरकारी इंजिन हाये. दोन फेऱ्यांत एकदा काम करणार. आपल्याला जमत न्हाई." आणि मग स्वतःच्या लाडक्या इंजिनावर हात ठेवून, "हिचं बघा. दर फेरीला काम. बसून खायाचं नावच न्हाई." जुन्या टू-स्ट्रोक गाड्या, फवारणीचे पेट्रोलवर चालणारे पंप, आणि अलीकडं मातीतल्या रेसला पळवतात त्या सोलून काढलेल्या गाड्या, सगळं त्यांच्याकडं यायचं. आणि यायचं ते बहुतेक जाम होऊन. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं. ते विसरलात, कमी टाकलं, की पिस्टन तापून आतच धरतो आणि गाडी जागेवर बसते.

आता मामांची रीत सांगतो. दुसरीकडं कुठं असली रीत मी ऐकलेली नाही. जाम झालेलं इंजिन आलं की मामा त्याला हात लावायचे नाहीत. एक लोखंडी पेटी पालथी घातलेली असायची. तिच्यावर मालकाला बसवायचं, तांब्याभर पाणी द्यायचं आणि समोर उकिडवं बसून म्हणायचं, "हं. कसं झालं ते सांगा." याला सगळा गाव मामांचा जबाब म्हणायचा. जबाब खरा वाटला तरच पाना हातात. खोटा वाटला तर एक शब्द न बोलता इंजिनावर पोतं टाकायचे आणि दुसऱ्या कामाला लागायचे.

माझ्या गाडीवर हे पोतं तीन दिवस होतं.

मी म्हणालो होतो, "काही नाही मामा, चालता चालता आपोआप बंद पडली."

"आपोआप काय होतं गुरुजी? आपोआप केस पांढरे होतेत." आणि पोतं.

मला असा राग आला! मी शिकलेला माणूस, पोरांचे खोटे बहाणे रोज पकडणारा, आणि हा मिस्त्री मला पेटीवर बसवतो? दोन दिवस मी तिकडं फिरकलो नाही. शाळेत पायी गेलो. तिसऱ्या दिवशी निमूट जाऊन पेटीवर बसलो आणि सांगितलं. पेट्रोल संपलं होतं. किराणा दुकानातून बाटलीतलं घेतलं. ऑईल नव्हतं. म्हटलं, दहा किलोमीटरला काय होतंय! एवढ्यावर थांबलो असतो तरी गाडी घरी आली असती कदाचित. पण आमच्या शाळेतल्या एका तरण्या मास्तरानं नवी गाडी घेतली होती, तो मला मागं टाकून हसत पुढं गेला. मग मी पण मूठ पिळली.

मामा हसले नाहीत. "बराबर," एवढंच म्हणाले आणि पोतं बाजूला केलं.

हातोडी त्यांनी कधी उचलली नाही. प्लग काढायचा, त्या भोकातून थोडं डिझेल, थोडं ऑईल सोडायचं आणि ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक दोन्ही तळव्यांनी अगदी जरासं पुढं, जरासं मागं. नाही हललं तर पुन्हा ऑईल, पुन्हा एक दिवस. मी घाई केली तर म्हणाले, "मेंढरू काट्यात अडकलं अन् तुमी ओढलं, तर कातडं फाटतं. काटा काढा ना आधी. जल्दी कशाची हाये?" चौथ्या दिवशी चाक ढकलताना इंजिनातून 'टक्' असा आवाज आला. मामांचा चेहरा असा खुलला, की मीच नापास होता होता पास झालो असं मला वाटलं.

मग पिस्टन बाहेर काढून, राखेनं आणि रॉकेलनं हात धुऊन, तो तळहातावर ठेवून मला दाखवला. "बघा. सायलेन्सरकडच्या बाजूला ओरखडे, म्हणजे ऑईल कमी पडलं. तुमचा जबाब बराबर हाये. कार्बोरेटरकडं ओरखडे असले, म्हणजे धूळ गेली, फिल्टरची भानगड. अन् चारी बाजूंनी चार उभ्या रेघा असल्या..."

"तर?"

"तर पिस्टनच घट्ट बसवलेला. तापला, फुगला, जागा न्हाई मिळाली. ती मिस्त्र्याची चूक." आणि पिस्टन खाली ठेवत म्हणाले, "तसला पिस्टन तुमाला माझ्या ग्यारेजात दिसणार न्हाई."

हे गर्वानं म्हणाले का? हो, गर्वानंच म्हणाले. आणि त्या माणसाला तो शोभायचा.

खरं बोलणाऱ्याचं काम आधी, हा तिथला नंबर. एकदा धावड्याहून एक नवराबायको फवारणीचा पंप घेऊन आले. एवढ्या लांबून, एसटीत मांडीवर पंप घेऊन! नवरा पेटीवर बसला आणि लागला दुकानदाराला शिव्या द्यायला. दुकानदारानं ऑईल भेसळीचं दिलं, दुकानदार चोर आहे, वगैरे वगैरे. मामांचा हात पोत्याकडं गेला तेवढ्यात बाई पदर खोचून पुढं आल्या.

"उठा वो तुमी. मामा, ऑईल संपलं होतं. मीच चुलीपासचं करडीचं तेल ओतलं. म्हटलं, तेलच हाये ना शेवटी!"

मामांचा हात पोत्यावरून मागं आला. मामांनी विचारलं, "मंग? चालला?"

"चालला की! अर्धं वावर झालं. असा भज्यांचा वास सुटला, शेजारच्या वावरातल्या बाया इचारू लागल्या, आज कोण पाव्हणे आलेत म्हणून."

मामा इतके हसले, इतके हसले, की डोळे पुसायला त्यांना माझा रुमाल घ्यावा लागला. तो रुमाल पुढं कधीच पांढरा झाला नाही. त्या बाईंचा पंप त्यांनी सगळ्यांच्या आधी घेतला, आतला चिकट थर खरवडून दिला आणि वर नवऱ्याला सांगितलं, "या बाईला इंजिनाजवळ राहू द्या. तुमी पाणी आणा."

असा हा माणूस. आता त्यांच्यावर जी वेळ आली, ती सांगतो.

केदारखेड्याचा विठ्ठल जेसीबी चालवायचा. बत्तीस वर्षांचा, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. पोटासाठी जेसीबी, पण सगळा जीव मातीतल्या रेसमध्ये. भंगारातून एक जुनी टू-स्ट्रोक उचलून त्यानं तिचं रूपच बदललं होतं. सायलेन्सर वर, टायर उंच गाठींचे, दिवे-बिवे सगळे काढून टाकलेले. इंजिन अर्थातच मामांचं. शहरातल्या एका टीमच्या मालकानं विठ्ठलला सांगितलं होतं, "जालन्याच्या रेसला मी येतोय. तुझं पळणं बघतो आणि टीममध्ये घेतो." म्हणजे चांगली गाडी, सुटे भाग, बाहेरगावच्या रेसा. विठ्ठलनं त्या एका दिवसासाठी दोन वर्षं घालवली होती. मामांनी त्यासाठी नवा पिस्टन बसवला, स्वतःच्या हातानं.

रेसला मी गेलो होतो. मामा आले नाहीत, त्यांना गर्दी सोसत नसे. नांगरून सपाट केलेल्या मोकळ्या रानात दोरी बांधून रस्ता आखलेला. तिसऱ्या फेरीला विठ्ठल पहिला होता. लोक ओरडत होते, त्यात मीही घसा फोडून ओरडत होतो. उंचवट्यावरून गाडी उडाली, खाली टेकली आणि एकदम मागचं चाक जागेवर थांबलं. विठ्ठल हॅंडलवरून पुढं फेकला गेला. उठला, तर डावा हात लोंबत होता. खांद्याचं हाड मोडलं होतं.

आणि त्या अवस्थेत तो काय म्हणाला? टीमचा मालक धावत आला तेव्हा म्हणाला, "माझीच चूक हाये साहेब. सुरुवातीच्या आधी मी फिल्टरचा फोम काढून टाकला. गाडी जरा मोकळी पळंल म्हणून."

मामांच्या ग्यारेजात तयार झालेला माणूस. विचारायच्या आधी जबाब दिला. मालकानं तोंड वाकडं केलं. "गाडीत असे उद्योग करणारा मला नको," म्हणाला आणि निघून गेला.

तीन दिवसांनी टेम्पोतून ती गाडी हसनाबादला आली. विठ्ठल हात गळ्यात बांधून पेटीवर बसला, फिल्टरचं सगळं पुन्हा सांगितलं. दहा-बारा लोक जमले होते. मामा म्हणाले, "बराबर," आणि कामाला लागले. दोन दिवस ऑईल, मग चाक, मग 'टक्'. पिस्टन काढला त्या संध्याकाळी विठ्ठलही होता आणि मीही होतो.

मामांनी हात धुतले. पिस्टन तळहातावर घेतला. फिरवला. डोळ्यांजवळ नेला, पुन्हा फिरवला. मग बोटांनी चाचपला, हळूहळू, चारी बाजूंनी. पिस्टन फडक्यात गुंडाळला आणि उघड्या इंजिनावर पोतं टाकलं.

विठ्ठलचा चेहरा पडला. "मामा, मी खरंच सांगून राह्यलो. दुसरं काहीच केलं न्हाई."

"जा तू घरी," मामा म्हणाले. "रविवारी सकाळी स्टॅंडवर ये. गुरुजी, तुमालाबी सुटी हाये ना? शहरात जायाचं हाये. त्या मालकाकडं."

एसटीत विठ्ठल माझ्या कानाशी लागला होता, "मामांना सांगा ना गुरुजी, माझ्यासाठी त्याच्या हातापाया पडू नका म्हणावं." मलाही तेच वाटत होतं. मामा खिडकीशी बसले होते, मांडीवर फडक्यातली पुरचुंडी धरून. मी विचारलं, "बरं वाटतंय ना मामा?" तर म्हणाले, "नंतर बोलू गुरुजी."

टीमच्या मालकाचं मोठं दुकान. काच, पंखे, भिंतीवर चषक. त्यानं मामांना खुर्ची दिली. मामा बसले नाहीत. इकडं तिकडं बघितलं आणि कोपऱ्यात जुन्या टायरांची चवड होती, तिच्यावर जाऊन बसले. पेटीवर बसावं तसे. आमच्याकडं त्या पेटीवर कोण बसतं, ते मला माहीत होतं.

मामांनी पुरचुंडी सोडून पिस्टन पुढं केला. चार उभ्या रेघा. चारी बाजूंनी.

"हे याचं काम न्हाई," मामा म्हणाले. "याची धूळ इकडच्या अंगाला हाये, बघा, नुसती खरखर. तिनं गाडी धरत न्हाई. गाडी धरली ती माझ्यामुळं. पिस्टन घट्ट बसला होता. जागा मोजायच्या पत्त्या असतेत, बारीक बारीक. त्याच्यावर अंक असतो. मला तो अंक दिसला न्हाई. वरीस झालं, बारीक काही दिसत न्हाई. अंदाजानं पत्ती घेतली, ती चुकीची निघाली. शेजारी वाचणारा माणूस होता. वाचून दाखवा म्हणायची लाज वाटली. मालक, हा माझा जबाब हाये."

शेजारी वाचणारा माणूस! मी होतो तो. त्या दिवशी मी तिथंच हातभर अंतरावर बसून पेपर वाचत होतो, आणि मामा एवढा वेळ काय चाळतायत म्हणून मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आजही ते आठवलं की मला माझीच चीड येते.

मालक गोंधळला. म्हणाला, "मामा, हे तुम्ही फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"फोनवर पिस्टन दिसत न्हाई."

"पण फिल्टर तर काढलाच ना यानं?"

"काढला. येडेपणा केला. पण न इचारता सांगितला. तुमच्या टीममधी असे किती हायेत?"

मालकानं पिस्टन बराच वेळ हातात फिरवला. मग विठ्ठलकडं बघून म्हणाला, "खांदा नीट कर आधी. पुढच्या हंगामात गाडी घेऊन ये. बघू."

आता तुम्ही म्हणाल, विठ्ठलनं मामांचे पाय धरले असतील. कसले! परतीच्या एसटीत तो आमच्याजवळ बसलासुद्धा नाही. पार मागच्या बाकावर जाऊन बसला. त्याचं तरी काय चुकलं? हाड त्याचं मोडलं होतं, हातचा दिवस त्याचा गेला होता, आणि इतके दिवस तो स्वतःला शिव्या देत होता. उतरताना मामांकडं न बघता गेला. मामा तो गेला त्या दिशेला बघत राहिले. त्यांना किती दिसत होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी इंजिन उघडणं बंद केलं. लोक आले तर सांगायचे, "डोळे गेले आता. दुसरीकडं दाखवा." प्लग साफ कर, केबल ओव, असली कामं बोटांच्या अंदाजानं करायचे. जालन्याला डोळे दाखवले, पण फार उशीर झाला होता. मी रोज जायचो. पेपर न्यायचो नाही. बोलणं असं नसायचंच. एकदा फक्त म्हणाले, "गुरुजी, पोरानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." विठ्ठलची ती गाडी तशीच कोपऱ्यात पोत्याखाली होती. तो न्यायलाही आला नाही. मी एकदा केदारखेड्याला जाऊन त्याला दोन गोष्टी सुनवाव्या म्हणून निघालोही होतो, पण मी कोण सांगणारा?

चार महिने गेले. एक दिवस शाळा सुटल्यावर शेडजवळ आलो, तर आत विठ्ठल. पोतं काढलेलं. नवा पिस्टन कागदातून काढून त्यानं मामांच्या हातात दिला होता आणि स्वतः पत्त्यांचं जुडगं घेऊन समोर उकिडवा बसला होता.

"मामा, तुमी सांगा कोणती. अंक मी वाचतो."

मामा पिस्टन चाचपत बसले. मग त्यांनी आकडा सांगितला. विठ्ठलनं पत्ती काढली, मोठ्यानं वाचली, पिस्टन सिलिंडरमध्ये बसवून ती कडेनं आत सरकवली. मामांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवून ती ओढून बघितली. "बराबर," म्हणाले. मी आत गेलोच नाही. बाहेरूनच घरी आलो आणि बायकोला म्हटलं, आज काहीतरी गोड कर.

त्याच महिन्यात माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सामान टेम्पोनं पुढं गेलं होतं आणि मी केदारखेड्याच्या रस्त्याला एसटीची वाट बघत उभा होतो. मामांना सकाळी भेटायला गेलो, तर शेडला कडी. फार वाईट वाटलं.

तेवढ्यात लांबून निळा धूर दिसला. गाडी येत होती, पण इतकी हळू, की तिच्या मागं मक्याचं ट्रॅक्टर हॉर्न वाजवून वाजवून दमलं होतं. नव्या पिस्टनची गाडी पहिले शेकडो किलोमीटर अशीच हळू चालवावी लागते, घाई केली की पुन्हा धरते. पुढं विठ्ठल बसला होता. मागं धोतर आवरून मामा, डोळे मिटलेले, मान जराशी वाकडी करून इंजिन ऐकत. त्यांचा हात विठ्ठलच्या डाव्या खांद्यावर होता. रेसच्या गाडीला मागं बसायची जागा नसते, म्हणून विठ्ठलनं घरची गोधडी घडी करून तारेनं बांधली होती.

मी हात केला. विठ्ठलनं मला बघितलं, मान मागं वळवून मामांना काहीतरी सांगितलं. मामांचा चेहरा उजळला. त्यांनी डोळे उघडले, खांद्यावरचा हात काढून उंच केला आणि तोंडभर हसून रस्त्याच्या पलीकडं, जिथं कुणीच नव्हतं तिकडं बघून तो हलवू लागले.

मी पिशवी तिथंच टाकली, गाडीच्या पुढून पळत रस्ता ओलांडला आणि त्या बाजूला जाऊन हात वर करून उभा राहिलो.